अन्ना मणी : आकाशातील मोजमापांना विश्वासार्हता देणाऱ्या शास्त्रज्ञ

भारतातील अनेक वेधशाळांमधून दररोज ठरलेल्या वेळी हायड्रोजन वायूने भरलेले मोठे फुगे आकाशात सोडले जातात. प्रत्येक फुग्याला एक छोटे, हलके उपकरण बांधलेले असते. त्यास रेडिओसोंड असे म्हणतात. फुगा सेकंदाला सुमारे पाच मीटर या वेगाने वर चढत राहतो आणि उपकरण हवेचा दाब, तापमान व आर्द्रता यांची नोंद रेडिओ लहरींद्वारे जमिनीवर पाठवत राहते. सुमारे तीस किलोमीटर उंचीवर, विरळ हवेत फुगून मोठा झालेला फुगा फुटतो आणि त्या दिवसाचे निरीक्षण संपते. पावसाचा, वादळाचा किंवा उष्णतेच्या लाटेचा अंदाज वर्तविताना या नोंदींचा मोठा आधार घेतला जातो.

या तिन्ही राशींमध्ये आर्द्रता मोजणे सर्वांत कठीण आहे. तापमानमापक किंवा दाबमापक यांच्या चुका बऱ्याच अंशी ओळखीच्या असतात. आर्द्रतेचा संवेदक मात्र ढगात भिजतो, थंडीत मंदावतो, उन्हात तापतो आणि तरीही एक आकडा पाठवतच राहतो. तो आकडा कितपत खरा मानावा, हा प्रश्न हवामानशास्त्राला गेली अनेक दशके सतावत आहे. स्वतंत्र भारतात हा प्रश्न ज्यांनी आपल्या कामाच्या केंद्रस्थानी ठेवला, त्यांमध्ये अन्ना मणी यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. देशातील हवामान उपकरणांच्या निर्मितीला त्यांनी शिस्त लावली, फुग्यावरून ओझोन मोजण्याचे कार्य त्यांच्या पुढाकाराने उभे राहिले आणि भारतातील ऊन व वारा यांचा पहिला विश्वसनीय हिशेब त्यांनी देशापुढे ठेवला.

पीरमेडचे बालपण

अन्ना मोडयिल मणी यांचा जन्म २३ ऑगस्ट १९१८ रोजी तत्कालीन त्रावणकोर संस्थानातील पीरमेड येथे झाला. सह्याद्रीच्या दक्षिण टोकाकडील हे डोंगराळ गाव आज केरळच्या इडुक्की जिल्ह्यात आहे. सीरियन ख्रिस्ती घराण्यातील आठ भावंडांत त्या सातव्या. वडील स्थापत्य अभियंता होते आणि कुटुंबाचे वेलदोड्याचे मळे होते. घरी सुबत्ता होती. मुलग्यांनी शिकून मोठ्या हुद्द्यावर जावे आणि मुलींनी जुजबी शिक्षणानंतर संसाराला लागावे, ही त्या काळच्या सधन घराण्यांची रीत येथेही होती. बहिणींची लग्ने योग्य वयात झाली. अन्ना यांनी मात्र लहानपणीच पुस्तकांची वाट धरली. वयाच्या आठव्या वर्षापर्यंत गावच्या वाचनालयातील जवळजवळ सर्व मल्याळम पुस्तके आणि बाराव्या वर्षापर्यंत बहुतेक इंग्रजी पुस्तके त्यांनी वाचून काढली होती. आठव्या वाढदिवशी घरच्या प्रथेप्रमाणे हिऱ्याच्या कुड्या मिळणार होत्या. त्या नाकारून त्यांनी एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाचे खंड मागून घेतले.

१९२४-२५ या काळात त्रावणकोरमध्ये वैकोमचा सत्याग्रह सुरू होता. मंदिराभोवतालचे रस्ते सर्व जातींच्या लोकांना खुले व्हावेत, यासाठीचा तो लढा होता. मार्च १९२५ मध्ये महात्मा गांधी तेथे आले. या घटनेचा सहा-सात वर्षांच्या अन्नावर खोल ठसा उमटला. पुढे त्यांनी खादी स्वीकारली आणि ती आयुष्यभर सोडली नाही. देशाला लागणाऱ्या वस्तू देशातच तयार व्हाव्यात, हा त्यांच्या पुढील कामामागील विचार याच संस्कारातून आलेला दिसतो.

रामन यांची प्रयोगशाळा आणि न मिळालेली पदवी

वैद्यकशास्त्र शिकावे, असे प्रथम त्यांच्या मनात होते. परंतु भौतिकशास्त्रात गती असल्यामुळे त्यांनी तोच विषय निवडला. १९३९ मध्ये मद्रासच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयातून भौतिक व रसायनशास्त्रात ऑनर्ससह बी.एस्सी. झाल्यानंतर १९४० मध्ये त्यांना बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत संशोधनासाठी शिष्यवृत्ती मिळाली. तेथे नोबेल पारितोषिक विजेते सर सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत त्यांचा प्रवेश झाला.

या संस्थेत स्त्रियांना प्रवेश सहज मिळत नसे. १९३३ मध्ये मुंबईहून गेलेल्या कमला भागवत, म्हणजेच पुढील काळातील प्रख्यात जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी, यांना रामन यांनी आधी नाकारले होते आणि आग्रहानंतर अटी घालून प्रवेश दिला होता. अन्ना मणी तेथे पोहोचल्या तेव्हा दार थोडे उघडले होते, पण प्रयोगशाळेत स्त्रिया व पुरुष यांनी परस्परांशी मोकळेपणाने चर्चा करणे रामन यांना मान्य नव्हते. विज्ञानाच्या शिक्षणात सहकाऱ्यांशी होणाऱ्या वादविवादाचा मोठा वाटा असतो. त्या लाभापासून तेथील विद्यार्थिनी बऱ्याच अंशी वंचित राहिल्या.

अन्ना मणी यांना हिरे आणि माणके यांच्या प्रकाशीय गुणधर्मांचा अभ्यास देण्यात आला. तीसहून अधिक हिऱ्यांमधून येणाऱ्या अंधुक प्रकाशाचे वर्णपट त्यांनी छायाचित्रण काचांवर टिपले. एकेका नोंदीसाठी काच पंधरा ते वीस तास उघडी ठेवावी लागे. त्यामुळे अनेक रात्री त्यांनी प्रयोगशाळेतच काढल्या. १९४२ ते १९४५ या काळात एकट्याच्या नावावर त्यांचे पाच शोधनिबंध प्रसिद्ध झाले आणि ऑगस्ट १९४५ मध्ये त्यांनी आपला प्रबंध मद्रास विद्यापीठाला सादर केला. भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांना त्या वेळी पदवी हे विद्यापीठ देत असे. विद्यापीठाने नियमावर बोट ठेवले. उमेदवाराकडे एम.एस्सी. पदवी नाही, म्हणून पीएच.डी. देता येणार नाही, असा निर्णय झाला. ऑनर्सची पदवी आणि संशोधनासाठी गुणवत्तेवर मिळालेली शिष्यवृत्ती यांचा विचार झाला नाही. बांधणी केलेला तो प्रबंध बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात जतन झाला. त्याला पदवी मात्र कधीच लाभली नाही. पुढे या गोष्टीबद्दल त्यांनी फारशी खंत व्यक्त केली नाही.

योगायोगाने मिळालेला विषय

१९४५ मध्येच परदेशी शिक्षणासाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळून त्या सैनिकांची ने-आण करणाऱ्या जहाजातून इंग्लंडला गेल्या. लंडनच्या इंपीरियल महाविद्यालयात भौतिकशास्त्राचे पुढील शिक्षण घ्यावे, असा त्यांचा मानस होता. प्रत्यक्षात त्यांच्यासाठी उपलब्ध असलेली जागा हवामानविषयक उपकरणांच्या प्रशिक्षणाची होती. त्यांनी ती स्वीकारली आणि उपकरणांची रचना, तपासणी, प्रमाणीकरण यांचा तीन वर्षे अभ्यास केला. निवडून न घेतलेला हा विषयच पुढे त्यांचे जीवनकार्य ठरला.

१९४८ मध्ये त्या परतल्या त्या स्वतंत्र झालेल्या भारतात. हवामान खात्याच्या पुणे येथील उपकरण विभागात त्या रुजू झाल्या. खात्याचे मुख्यालय १९२८ मध्ये शिमल्याहून पुण्याला आले होते. त्यामुळे शिवाजीनगरमधील ती भव्य वास्तू पुणेकरांच्या तोंडी शिमला ऑफिस म्हणूनच रूढ झाली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४४ मध्ये, मुख्यालय दिल्लीला हलले. उपकरणांची कार्यशाळा मात्र पुण्यातच होती. विभागाचे प्रमुख एस. पी. वेंकटेश्वरन हे स्वावलंबनाचे पुरस्कर्ते होते. पर्जन्यमापक, वातदिशादर्शक, बाष्पीभवनमापक अशी साधी उपकरणे कार्यशाळेत बनू लागली होती. तापमान, आर्द्रता किंवा वायुभार यांची कागदावर आपोआप रेघ काढणारी नोंदयंत्रे मात्र परदेशांतून मागवावी लागत.

या उत्पादनाची घडी बसविण्याची जबाबदारी अन्ना मणी यांच्याकडे आली. एक उपकरण उत्तम बनविणे आणि तसेच शंभरावे उपकरण बनविणे यांत मोठे अंतर असते. एखाद्या कुशल कारागिराच्या हातून एक पर्जन्यमापक अचूक उतरला, तरी देशभरातील शेकडो केंद्रांवरील पर्जन्यमापक एकसारखे नसतील तर कोकणातील पावसाची विदर्भातील पावसाशी तुलनाच करता येणार नाही. म्हणून त्यांनी सुमारे शंभर उपकरणांची तपशीलवार तांत्रिक रेखाटने प्रमाणित करून घेतली. कोणता भाग कोणत्या मापाचा, किती फरक चालेल आणि तयार उपकरण कशाशी ताडून पाहायचे, हे निश्चित झाले. १९५३ मध्ये त्या विभागाच्या प्रमुख झाल्या. त्यांच्या हाताखाली १२१ पुरुष कर्मचारी होते. त्या काळी सरकारी कार्यशाळेत असे दृश्य विरळाच होते. स्त्री म्हणून आपल्या कामाचे वेगळे कौतुक व्हावे, हे मात्र त्यांना रुचत नसे.

चुकीचे मोजमाप हे मोजमाप नसण्याहून अधिक घातक असते, अशी त्यांची ठाम धारणा होती. मोजमाप नसेल तर आपल्याला माहिती नाही, एवढे तरी माणसाला कळते. चुकीचा आकडा मात्र खरा समजून नोंदवहीत जातो आणि त्यावर पुढची गणिते उभी राहतात.

केसापासून संवेदकापर्यंत

ही धारणा किती योग्य होती, हे फुग्यावरून आर्द्रता मोजण्याच्या इतिहासावरून स्पष्ट होते. भारतात उंचावरील हवेचा पद्धतशीर अभ्यास आग्रा येथील वेधशाळेने विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत सुरू केला. तेव्हाची उपकरणे आपली नोंद स्वतःवरच कोरून ठेवत. फुगा फुटून ती कोठेतरी शेतात पडत आणि कोणा ग्रामस्थाने बक्षिसाच्या आशेने परत आणून दिली तरच माहिती हाती येई. अशाच नोंदींच्या आधारे के. आर. रामनाथन यांनी १९२९ मध्ये विषुववृत्तीय प्रदेशावरील वातावरणात अतिउंचीवर सर्वांत थंड हवेचा थर असल्याचे दाखविले. १९३०च्या सुमारास युरोपात रेडिओसोंड अवतरला आणि उपकरण परत मिळण्याची वाट पाहण्याची गरज उरली नाही. १९४०च्या दशकात भारतानेही स्वतःचे रेडिओसोंड विकसित केले. दिल्लीत एल. एस. माथुर यांनी घड्याळाच्या यंत्रणेवर चालणारा, तर पुण्यात वेंकटेश्वरन व त्यांच्या सहकाऱ्यांनी पंख्यावर चालणारा रेडिओसोंड तयार केला. फुगा वर चढताना लागणाऱ्या हवेच्या झोताने हा छोटा पंखा फिरे आणि उपकरणातील यंत्रणा चालवी.

आर्द्रता मोजण्याचे सर्वांत जुने साधन म्हणजे माणसाचा केस. पूर्ण कोरड्या हवेतून पूर्ण दमट हवेत नेल्यास तो सुमारे दोन ते अडीच टक्क्यांनी लांबतो. एवढ्याशा फरकाने एक काटा हलविला जाई. जगातील अनेक रेडिओसोंडमध्ये केस किंवा बैलाच्या आतड्याची पातळ त्वचा वापरली जात असे. पुढे ओलाव्यानुसार विद्युत रोध बदलणारे लिथियम क्लोराइडचे आणि कार्बनचे संवेदक आले. १९७०च्या दशकात ओलावा शोषून विद्युत धारकता बदलणाऱ्या बहुवारिकाच्या पातळ पापुद्र्याचा शोध लागला. आजचे बहुतेक रेडिओसोंड याच तत्त्वावर आर्द्रता मोजतात.

साधने बदलली, पण अडचणींचे स्वरूप फारसे बदलले नाही. तीस अंश सेल्सियस तापमानाची संपृक्त हवा एका घनमीटरमध्ये सुमारे तीस ग्रॅम बाष्प बाळगते. उणे चाळीस अंशांवर हेच प्रमाण एका ग्रॅमच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी होते. एकाच उड्डाणात, तासाभरात, एकाच संवेदकाने ही दोन्ही टोके मोजायची असतात. थंडीत संवेदक मंदावतो. त्याला नव्या आर्द्रतेशी जुळवून घ्यायला तीन मिनिटे लागली तर तोवर फुगा जवळजवळ नऊशे मीटर वर गेलेला असतो आणि खालच्या थराचा ओलावा वरच्या थराच्या नावावर जमा होतो. ढगातून बाहेर पडलेला भिजका संवेदक कोरड्या हवेलाही दमट ठरवितो. दुपारच्या उन्हात तापलेला संवेदक याच्या उलट हवा प्रत्यक्षाहून कोरडी दाखवितो.

म्हणूनच उड्डाणापूर्वी ज्ञात आर्द्रतेच्या पेटीत संवेदक ठेवून त्याचे वाचन ताडून पाहिले जाते. या क्रियेला अंशांकन म्हणतात. ती बाहेरून कंटाळवाणी वाटते, पण तिच्यावाचून पुढील सारेच व्यर्थ ठरते. याचे ठळक उदाहरण १९९२-९३ मध्ये पश्चिम प्रशांत महासागरावर झालेल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय मोहिमेत दिसून आले. तेथील हजारो फुग्यांच्या नोंदी प्रत्यक्षाहून कोरडी हवा दाखवीत असल्याचे नंतर ध्यानात आले. उपकरणाच्या वेष्टनातील द्रव्यांचे सूक्ष्म अंश संवेदकात शिरून पाण्याची जागा अडवून बसले होते. त्या साऱ्या नोंदी पुन्हा दुरुस्त कराव्या लागल्या.

मान्सूनचे पाणी कोठून येते

भारतासाठी या आकड्यांचे मोल विशेष आहे. एक किलो हवेतील एक ग्रॅम बाष्पाचे पाणी झाले, तर त्यातून बाहेर पडणाऱ्या उष्णतेने ती हवा सुमारे अडीच अंशांनी तापते. मेघगर्जना करणारे उंच ढग आणि मान्सूनचे अवाढव्य अभिसरण याच उष्णतेवर चालते. तेव्हा हवेत बाष्प किती आहे, हे नीट ठाऊक नसेल तर पाऊस किती पडेल, हेही नीट सांगता येत नाही.

१९६०च्या दशकाच्या पूर्वार्धात आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम पार पडली. तिच्यासाठी मुंबईत कुलाबा येथे १९६३ मध्ये आंतरराष्ट्रीय हवामान केंद्र उभारण्यात आले. या मोहिमेतील वाऱ्याच्या व आर्द्रतेच्या नोंदी हाती घेऊन प्रा. पी. आर. पिशारोटी यांनी एक हिशेब मांडला. पिशारोटी हेही रामन यांचे विद्यार्थी आणि पुण्यात १९६२ मध्ये स्थापन झालेल्या उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेचे पहिले संचालक. पश्चिम किनाऱ्यावरून भारतात शिरणारे बाष्प आणि विषुववृत्त ओलांडून येणारे बाष्प यांची तुलना करून, मान्सूनच्या पाण्याचा मोठा वाटा अरबी समुद्राच्या बाष्पीभवनातून येतो, असा निष्कर्ष त्यांनी १९६५ मध्ये काढला. पुढे अधिक निरीक्षणे उपलब्ध झाल्यावर इतर संशोधकांनी हाच हिशेब पुन्हा केला. त्यात दक्षिण गोलार्धातून येणाऱ्या बाष्पाचा वाटा मोठा ठरला. कोकणात कोसळणाऱ्या सरींचे पाणी मुळात कोणत्या समुद्राचे, यासारख्या मूलभूत प्रश्नाचे उत्तरही फुग्यावरील इवल्याशा संवेदकाच्या भरवशावर अवलंबून होते. अन्ना मणी ज्या काटेकोरपणाचा आग्रह धरीत, त्याचे मोल अशा वेळी उमजते.

बाष्पाचा आणखी एक परिणाम त्यांच्या प्रत्यक्ष अभ्यासाचा विषय झाला. पृथ्वीवरून बाहेर जाणारी अवरक्त प्रारणे बाष्प शोषून घेते. ही प्रारणे वेगवेगळ्या उंचीवर किती असतात, हे मोजण्यासाठी त्यांनी सी. आर. श्रीधरन व इतर सहकाऱ्यांसह फुग्यावरून विशेष उपकरणे सोडली आणि १९६५ मध्ये भारतावरील मोजमापे प्रसिद्ध केली.

ओझोनचा वेध

१९६०च्या सुमारास त्यांनी ओझोनकडे लक्ष वळविले. त्या वेळी हा विषय फारसा चर्चेत नव्हता. ओझोनच्या थराचे महत्त्व सर्वसामान्यांपर्यंत पोहोचायला अजून दोन दशकांहून अधिक काळ जायचा होता. जमिनीवरून सूर्यप्रकाशाचे पृथक्करण करून डोक्यावरील एकूण ओझोन मोजण्याची पद्धत रूढ होती. रामनाथन यांनी भारतात त्या अभ्यासाचा पाया घातला होता. परंतु कोणत्या उंचीवर ओझोन किती आहे, हे कळण्यासाठी उपकरण प्रत्यक्ष वर पाठविणे आवश्यक होते.

अन्ना मणी यांच्या मार्गदर्शनाखाली श्रीधरन यांनी भारतीय ओझोनसोंड विकसित केला. एका छोट्या पंपाने बाहेरची हवा पोटॅशियम आयोडाइडच्या द्रावणातून सोडली जाते. ओझोनमुळे द्रावणातून आयोडीन मुक्त होते आणि त्या प्रमाणात सूक्ष्म विद्युत प्रवाह वाहतो. तो प्रवाह मोजून रेडिओसोंडद्वारे जमिनीवर कळविला जातो. पंप, द्रावण आणि विद्युतघट हे सारे उणे सत्तर-ऐंशी अंशांपर्यंतच्या थंडीत, नाममात्र दाबात आणि परत न येणाऱ्या प्रवासात नीट चालले पाहिजे. जगातील मोजक्याच देशांनी तोवर असे उपकरण स्वतः बनविले होते. तिरुवनंतपुरम, पुणे आणि दिल्ली येथून या उपकरणाची उड्डाणे होऊ लागली. पुढे अंटार्क्टिकातील भारतीय तळावरही ते नेण्यात आले. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरील ओझोनच्या थराला पडलेल्या छिद्राची वार्ता आली, तेव्हा भारताजवळ आपल्या आकाशातील ओझोनच्या अनेक वर्षांच्या नोंदी तयार होत्या. अन्ना मणी यांची आंतरराष्ट्रीय ओझोन आयोगावर सदस्य म्हणून निवड झाली होती.

ऊन आणि वारा

१९५७-५८ हे आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्ष म्हणून पाळण्यात आले. त्या निमित्ताने अन्ना मणी यांनी भारतात सूर्यापासून मिळणारी ऊर्जा मोजणाऱ्या केंद्रांचे जाळे उभारले. आरंभी उपकरणे बाहेरून आणली गेली, परंतु लवकरच ती पुण्यात बनू लागली. या मोजमापांचा प्रत्यक्ष उपयोग काय, असा प्रश्न तेव्हा विचारता आला असता. १९७०च्या दशकात खनिज तेलाच्या किमती भडकल्या आणि जगाचे लक्ष सूर्याकडे वळले, तेव्हा उत्तर मिळाले. सौर ऊर्जेचे संयंत्र कोठे बसवावे, त्यातून किती उष्णता किंवा वीज मिळेल, हे ठरविण्यास लागणारी आकडेवारी भारताकडे आधीच होती. ती एकत्रित करून अन्ना मणी यांनी १९८० मध्ये भारतातील सौर प्रारणांची हस्तपुस्तिका आणि १९८१ मध्ये एस. रंगराजन यांच्यासह त्याच विषयावरील दुसरा ग्रंथ प्रसिद्ध केला. सौर ऊर्जेच्या क्षेत्रात काम करणाऱ्या अभियंत्यांच्या टेबलावर हे ग्रंथ वर्षानुवर्षे होते.

दरम्यान १९६३ मध्ये डॉ. विक्रम साराभाई यांच्या विनंतीवरून केरळमधील थुंबा अग्निबाण केंद्रावर हवामान वेधशाळा आणि उपकरणांचा मनोरा उभारण्यात त्यांनी सहभाग घेतला. त्याच वर्षी २१ नोव्हेंबर रोजी तेथून पहिला अग्निबाण उडाला. १९६९ मध्ये त्यांची दिल्लीला बदली झाली आणि त्या उपमहासंचालक झाल्या. १९७५ मध्ये जागतिक हवामान संघटनेच्या सल्लागार म्हणून त्यांनी इजिप्तमध्ये काम केले. १९७६ मध्ये त्या सेवानिवृत्त झाल्या.

निवृत्तीनंतर रामन संशोधन संस्थेत तीन वर्षे अध्यापन केल्यावर त्यांनी पवन ऊर्जेचा विषय हाती घेतला. डी. ए. मुळे यांच्यासह १९८३ मध्ये भारतातील वाऱ्याची आकडेवारी त्यांनी ग्रंथरूपाने मांडली. वेधशाळांतील जुनी वातमापके बहुधा शहरांत, इमारती आणि झाडे यांच्या सान्निध्यात असत. पवनचक्कीसाठी लागणारा वारा मोकळ्या डोंगरमाथ्यावर आणि अधिक उंचीवर मोजला पाहिजे, हे ओळखून देशाच्या विविध भागांत त्यासाठी खास मनोरे उभारून सर्वेक्षण करण्यात आले आणि त्याचे निष्कर्ष अनेक खंडांत प्रसिद्ध झाले. वारा व सौर ऊर्जा मोजणारी उपकरणे बनविणारा एक लहानसा कारखानाही त्यांनी बंगळूरमध्ये चालविला. देशात पुढे ठिकठिकाणी उभ्या राहिलेल्या पवनचक्क्यांमागे या सर्वेक्षणाचा मोठा आधार होता.

अखेरची वर्षे

भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमीने १९८७ मध्ये त्यांना के. आर. रामनाथन पदक देऊन गौरविले. १९९४ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि निसर्गात भटकंती करण्याची आवड असलेल्या या शास्त्रज्ञाला उर्वरित आयुष्य अंथरुणाला खिळून काढावे लागले. १६ ऑगस्ट २००१ रोजी तिरुवनंतपुरम येथे त्यांचे निधन झाले. त्या अविवाहित होत्या. २०१८ मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीच्या निमित्ताने जागतिक हवामान संघटनेने त्यांच्या कार्याचे स्मरण केले.

अन्ना मणी यांच्या नावावर एखादा विस्मयकारक शोध नाही. त्यामुळे सर्वसामान्य वाचकांना त्यांचे नाव रामन किंवा साराभाई यांच्याइतके परिचित नाही. त्यांचे काम रेखाटनांत, अंशांकनाच्या तक्त्यांत आणि वर्षानुवर्षे एकाच पद्धतीने घेतलेल्या नोंदींत विखुरलेले आहे. अशा कामाची गरज मात्र आजही संपलेली नाही. २००९ नंतरच्या काळात भारतीय हवामान विभागाने आपल्या केंद्रांवर उपग्रहांच्या साहाय्याने स्थान निश्चित करणारे नवे रेडिओसोंड आणले आणि भारतातील नोंदींचा दर्जा सुधारला. उपग्रहही आता अवकाशातून वातावरणातील बाष्प मोजतात. तरीही त्यांचे आकडे पडताळून पाहण्यासाठी फुग्यावरील संवेदकाचाच आधार घेतला जातो आणि तो संवेदक उड्डाणापूर्वी कोणीतरी काळजीपूर्वक तपासलेला असावा लागतो. हवामान बदलाचा वेग ठरविताना शास्त्रज्ञ पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या आर्द्रतेची आजच्या आर्द्रतेशी तुलना करतात. त्या वेळचे उपकरण कसे होते, ते कशाशी ताडून पाहिले होते आणि त्याची चूक किती होती, याची नीट नोंद असेल तरच ही तुलना खरी ठरते. अशा नोंदी ठेवण्याची सवय पुण्याच्या कार्यशाळेत रुजविणाऱ्यांमध्ये अन्ना मणी अग्रभागी होत्या.